सर्वांसमोरची खूण

नांदेड-लातूरकडे मेंढीकोटाचा डाव बसला की एक नियम कुणी न सांगताच ठरलेला असतो: भिडूला खूण करायची नाही. दश्शी कुणाकडे आहे हे डोळ्याने, खाकरण्याने किंवा पत्ता आपटण्याच्या तऱ्हेने भिडूला कळवले, की डाव मोडतो आणि माणसे उठून जातात. ब्रिज हाही चौघांचा, दोन जोड्यांचा, 52 पत्त्यांचाच खेळ. त्यात मात्र भिडूला कळवणे हा खेळाचा अर्धा भाग आहे. पहिला पत्ता पडण्याआधी लिलाव होतो. त्या लिलावातली प्रत्येक बोली भिडूला पाठवलेला निरोप असते, आणि निरोपाचा अर्थ दोघांनी आधी बसून ठरवलेला असतो. मेंढीकोटात जी लबाडी ठरते तिला ब्रिजमध्ये कसब म्हणतात, ते एका अटीवर: भिडूला जे कळते ते समोरच्या जोडीलाही कळले पाहिजे. ही अट खेळाबरोबर जन्माला आली नाही. ती शंभर वर्षांत भांडणांतून, चौकश्यांतून आणि नियमांच्या दुरुस्त्यांतून घडली. आणि तिला सर्वांत जास्त आकार दिला तो समोरच्यांनी बोली उघडल्यावर बचाव करणाऱ्या जोडीने काय बोलायचे, या प्रश्नाने. माझे म्हणणे असे की बचावाच्या या संकेतांनी ब्रिज बिघडवला नाही. त्यांच्यामुळेच ब्रिजला आपला प्रामाणिकपणा लेखी स्वरूपात मांडावा लागला. खेळ टिकला तो संकेतांवर बंदी घालून नव्हे, ते टेबलावर उघडे ठेवून.

आधी अडचण समजून घ्यावी लागते. एका माणसाच्या हातात येऊ शकणाऱ्या 13 पत्त्यांच्या जुळण्या 63,501 कोटींहून अधिक आहेत. त्या सांगण्यासाठी भाषा मात्र केवढीशी! एक ते सात या पातळ्या, आणि प्रत्येक पातळीवर किलवर, चौकट, बदाम, इस्पिक व नो ट्रम्प असे पाच प्रकार. म्हणजे 35 बोली. त्यात पास, डबल आणि रिडबल मिळवले की एकूण 38 शब्द. शिवाय प्रत्येक नवी बोली आधीच्या बोलीपेक्षा वरची असावी लागते, म्हणून वापरलेला शब्द परत मिळत नाही. जो आधी बोलतो त्याला सगळे रान मोकळे असते. समोरच्याने एक इस्पिकने सुरुवात केली तर बचाव करणाऱ्याकडे 31 बोली उरतात. त्याने तीन इस्पिकने सुरुवात केली तर 21 उरतात, आणि त्यातली सर्वांत स्वस्त बोली तीन नो ट्रम्प, म्हणजे 13 पैकी सहा अधिक तीन, असे नऊ हात करण्याचे वचन. बचाव करणाऱ्याला हेही ठाऊक असते की बलवान पत्त्यांचा मोठा वाटा पलीकडे आहे. जागा कमी, माहिती कमी आणि चुकीचा दंड मोठा. या कोंडीतून संकेत जन्मले. त्यांच्यामागे फसवण्याची हौस शोधणाऱ्यांनी हे अंकगणित पाहावे.

या कोंडीचे मूळ आपल्या देशात आहे, हे मराठी वाचकाला सहसा कुणी सांगत नाही. जुन्या ब्रिजमध्ये स्पर्धेची बोली नव्हती. पत्ते वाटणारा किंवा त्याचा भिडू हुकूम ठरवी आणि समोरच्यांना फार तर डबल म्हणता येई. 1899 मध्ये अलाहाबादेत एक पुस्तक निघाले. लेखकाचे टोपणनाव जॉन डो, खरे आडनाव रो. आडबाजूच्या ठाण्यावर नेमणूक झालेल्या तीन सनदी अधिकाऱ्यांना चौथा गडी मिळेना, म्हणून त्यांनी तिघांत खेळायची पद्धत काढली आणि हुकूम ठरवण्याचा हक्क लिलावाला लावला, असे त्यात सांगितले आहे. पुढे 16 जानेवारी 1905 च्या लंडनच्या 'टाइम्स'मध्ये ऑस्वाल्ड क्रॉफर्ड यांनी पत्र लिहून ऑक्शन ब्रिजची ओळख करून दिली. शोधाचे पूर्ण श्रेय अलाहाबादच्या पुस्तकाला द्यायचे की नाही, यावर वाद घालता येईल. पण दोन्ही बाजूंनी बोली लावायची ही कल्पना छापील रूपात त्या पुस्तकात लंडनच्या आधी दिसते. जिथे दोन्ही बाजू बोलू लागल्या तिथे बचावाची बोली हा प्रश्न आपोआप उभा राहिला.

पहिले मोठे उत्तर 1912-13 च्या सुमारास अमेरिकेत सापडले. सेंट लुइसचे ब्रायंट मॅककॅम्पबेल आणि न्यूयॉर्कचे मेजर चार्ल्स पॅटन या दोघांना त्याचे स्वतंत्रपणे श्रेय दिले जाते. विचार साधा होता. समोरच्याने एक इस्पिक म्हटले की त्याने सात हात करण्याचा करार केला. ज्याने नुकतीच ताकद दाखवली तो एवढा लहान करार सहसा पूर्ण करतो, म्हणून तेवढ्यावर दंडासाठी डबल म्हणण्याची वेळ क्वचित येते. म्हणजे 38 शब्दांतला एक शब्द त्या जागी रिकामा पडून होता. त्याला नवा अर्थ दिला गेला: माझ्याकडे इस्पिक थोडे आहेत, उरलेले तिन्ही रंग बरे आहेत, उघडण्याइतकी ताकद आहे, भिडू, तुझा लांब रंग सांग. समजा, एखाद्याकडे इस्पिकचे एकच पान आणि बाकीच्या तीन रंगांची चार-चार पाने आहेत. यातला कोणताही एक रंग पुकारला तर भिडूकडे नेमका तो नसण्याचा धोका. डबलने तिन्ही रंग एका शब्दात पुढे येतात आणि निवड भिडूवर सोपवली जाते. आज जगात ब्रिज शिकणारा प्रत्येक जण हा डबल पहिल्या काही धड्यांतच शिकतो, आणि तो इतका नैसर्गिक वाटतो की एके काळी तो वादाचा विषय होता हे सांगूनही खरे वाटत नाही.

पण तो वादाचा विषय होता, आणि विरोध करणारे मूर्ख नव्हते. त्यांचा मुद्दा असा: डबल या शब्दाचा अर्थ दंड दुप्पट करा, असा आहे. तो उच्चारून मनात दुसरेच सांगायचे, हे दोघांत ठरवलेल्या गुप्त भाषेत बोलणेच झाले. मग खाकरण्यात आणि यात फरक तो काय? इंग्लंडमध्ये लेफ्टनंट कर्नल वॉल्टर बुलर यांनी हा पक्ष जोराने मांडला. मनात आहे तेच सरळ बोला, कृत्रिम अर्थ नकोत, असा त्यांचा आग्रह. 1925 मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी पनामा कालव्यातून जाणाऱ्या 'फिनलंड' जहाजावर काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती बसवली. त्यानंतर जेवढे हात बोलाल तेवढ्याचेच मोठे बक्षीस मिळू लागले, म्हणून अचूक बोलीची किंमत एकदम वाढली. अशा वेळी, सप्टेंबर 1930 मध्ये, बुलर यांचा संघ लंडनमध्ये एली कल्बर्टसन यांच्या अमेरिकन संघाशी 200 डाव खेळला. कल्बर्टसन यांच्या बाजूला त्यांची पत्नी जोसेफिन, थिओडोर लाइटनर आणि वाल्डेमार फॉन झेडविट्झ होते. ठरवून, अभ्यासून बोलणारी ही चौकडी जिंकली. याच लाइटनर यांच्या नावाचा डबल आजही बचावात वापरतात: समोरचे स्लॅमला, म्हणजे बारा-तेरा हातांच्या कराराला गेले असताना तो भिडूला सांगतो, की नेहमीची उतारी करू नकोस, अनपेक्षित रंग टाक.

सामना जिंकल्याने बुलर यांचा नैतिक आक्षेप खोटा ठरत नाही. विजय कौशल्य सिद्ध करतो, न्याय सिद्ध करत नाही. आक्षेपाला खरे उत्तर वेगळे आहे. खाकरण्याचा अर्थ समोरच्यांना विचारता येत नाही. डबलचा विचारता येतो, आणि खरे उत्तर द्यावेच लागते. लंडनचा पोर्टलंड क्लब, न्यूयॉर्कचा व्हिस्ट क्लब आणि फ्रेंच ब्रिज मंडळ यांनी मिळून 1932 मध्ये काँट्रॅक्ट ब्रिजची पहिली आंतरराष्ट्रीय नियमावली केली. तेव्हापासून नियमांची प्रत्येक आवृत्ती याच दिशेने पुढे गेली आहे. सध्याच्या नियमावलीत जोडीतले समझोते हा स्वतंत्र विषय आहे, आणि त्याचा गाभा एवढाच की गुपित समझोता असू शकत नाही. पोर्टलंड क्लबने आपल्या स्वतःच्या टेबलावर कृत्रिम संकेतांना दीर्घकाळ थारा दिला नाही. ज्यांना तसे खेळायचे आहे त्यांनी अवश्य खेळावे. परंतु तो मार्ग जगाने घेतला नाही, आणि मला तो योग्यच वाटतो. बंदी घातली तर हुशार जोड्यांचे समझोते संपत नाहीत. वर्षानुवर्षे एकत्र खेळणाऱ्या दोघांना एकमेकांच्या सवयी कळतातच. बंदीने ते समझोते अबोल होतात, आणि मग त्यांचा अर्थ विचारण्याची सोयही जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस वर्षांत बचावाची भाषा झपाट्याने वाढली. अमेरिकेच्या ॲल रॉथ यांनी 1948 मध्ये रिकाम्या पडलेल्या आणखी एका शब्दाला कामाला लावले. समोरच्याने एक इस्पिक किंवा एक बदाम उघडल्यावर एकदम दोन नो ट्रम्प म्हणण्याइतके पत्ते बचाव करणाऱ्याकडे जवळजवळ कधीच नसतात. तर मग त्या बोलीने चौकट आणि किलवर हे दोन्ही रंग पाच-पाच पानांचे दाखवावेत. मायामीचे माइक मायकल्स यांनी याला जोड दिली: समोरच्याचाच रंग आपण पुकारायचा. त्यांनी एक इस्पिक म्हटले आणि आपण दोन इस्पिक म्हटले, तर आपल्याकडे बदाम आणि खालचा एक रंग (चौकट किंवा किलवर) लांब आहे असे समजायचे. एक नो ट्रम्पच्या उघडणीवर दोन किलवर म्हणून बदाम व इस्पिक दोन्ही दाखवण्याची युक्ती ॲल्विन लँडी यांची. ते अमेरिकेच्या ब्रिज संघटनेचे कार्यकारी सचिव होते. हॅरी फिशबाइन यांनी तीनच्या पातळीवरच्या अडवणुकीच्या बोलींसाठी वेगळा तोडगा काढला: लगेच वरचा रंग म्हणजे भिडूला बोलावणे, आणि डबल म्हणजे खरा दंड. फिशबाइन यांची पद्धत आता जवळपास मागे पडली आहे, कारण तीनच्या पातळीवरही डबलनेच भिडूला बोलावणे अधिक लवचीक ठरले. बाकी संकेत आजही लाखो टेबलांवर आहेत.

या सगळ्या शोधांत एक व्यवहार समान आहे, आणि तो नीट पाहिला तर संकेतांचे कौतुक जरा मोजून करावे लागते. प्रत्येक नवा अर्थ जुना अर्थ विकून विकत घ्यावा लागतो. लँडीचे दोन किलवर घेतले की खरोखरच किलवर लांब असलेला माणूस गप्प बसतो. मायकल्स यांची बोली घेतली की समोरच्याच्या रंगाचा पुकार करून प्रचंड ताकद दाखवण्याची जुनी सोय जाते. दुसरी किंमत स्मरणशक्तीची. फ्रान्सचे पिएर गेस्टेम हे ड्राफ्ट्सचे जगज्जेते आणि ब्रिजचेही मोठे खेळाडू. त्यांच्या नावाच्या दोन रंग दाखवणाऱ्या बोली इतक्या नेमक्या आहेत की कोणते दोन रंग हेही कळते, आणि इतक्या विसरल्या जातात की इंग्लंडमधल्या स्पर्धांत त्यांच्यावरून वाद होणे नित्याचे झाले. इथे नियमांनी एक बारीक पण मोलाचा भेद केला. समोरच्यांना समझोता कळण्याचा हक्क आहे, पत्ते कळण्याचा नाही. बोलीचा अर्थ बोलणारा सांगत नाही, त्याचा भिडू सांगतो. बोलणारा समझोता विसरून चुकीचे बोलला, पण भिडूने ठरलेला अर्थ बरोबर सांगितला, तर समोरच्यांना भरपाई नाही. भिडूने समझोताच चुकीचा सांगितला आणि त्यामुळे त्यांचे नुकसान झाले, तर भरपाई आहे. आणि भिडूचे स्पष्टीकरण ऐकून बोलणाऱ्याला आपली चूक कळली, तरी त्याने ते न ऐकल्यासारखेच पुढे बोलले पाहिजे. मेंढीकोटातल्या खुणेच्या बंदीपेक्षा हा नियम कठोर आहे. तिथे नजर वळवली की झाले. इथे कानावर पडलेले मनातून बाजूला ठेवावे लागते.

1960 नंतर चढाओढ उलट्या बाजूने तीव्र झाली. चीनमध्ये जन्मलेले अमेरिकन जहाजउद्योजक सी. सी. वेई यांच्या प्रिसिजन पद्धतीत एक किलवर ही उघडणी किलवरबद्दल काहीच सांगत नाही. हातात मोठ्या पत्त्यांचे 16 किंवा अधिक गुण आहेत एवढेच सांगते. ही पद्धत घेऊन तैवानचा संघ 1969 मध्ये रिओ दी जानेरोत बर्म्युडा बाऊल या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, आणि पुढच्या वर्षी स्टॉकहोममध्ये पुन्हा. अशा उघडणीविरुद्ध बचावाची गरजच बदलते. ताकद समोर आहे हे नक्की, पण त्यांनी अजून एकही रंग दाखवलेला नाही. तेव्हा त्यांची जागा खाणे हेच काम. ल्यू मॅथी यांनी डबलला वरचे दोन रंग आणि एक नो ट्रम्पला खालचे दोन रंग दिले. स्टीव्ह रॉबिन्सन आणि किट वुल्सी यांनी त्याहून पुढे जाऊन अशी पद्धत केली की एका बोलीने दोन रंग आहेत हे कळावे, पण कोणते दोन याबद्दल पर्याय शिल्लक राहावेत. उघडणाऱ्यांनी याला उत्तर दिले. इंग्लंडचे टेरेन्स रीझ आणि जेरेमी फ्लिंट यांच्या 'मल्टी' पद्धतीत दोन चौकट म्हणजे बदाम किंवा इस्पिक यांपैकी एक लांब रंग, किंवा मग फार मोठी ताकद. समोरच्याचा रंगच ठाऊक नसेल तर त्याच्याविरुद्ध डबलचा अर्थ काय? पोलंडमध्ये तर पासलाच ताकदीचा अर्थ देण्यापर्यंत मजल गेली. वुकाश स्वाविन्स्की हे तिथल्या या विचाराचे प्रमुख नाव. पास ताकदीचा झाला की हातात काहीच नसलेल्या माणसाला काहीतरी बोलणे भाग पडते, आणि बचाव करणाऱ्यांना रित्या हाताच्या उघडणीविरुद्धही तयारी करावी लागते.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप इथे येतो. उघडपणा, उघडपणा म्हणता; पण दहा महिने घासून बसवलेली विचित्र पद्धत टेबलावर बसल्या क्षणी दोन वाक्यांत उघड केली, तर समोरच्याला तिचा काय उपयोग? त्याला तिच्याविरुद्ध बचाव ठरवायला वेळ कुठे मिळाला? अर्थ कळणे आणि उत्तर तयार असणे या दोन गोष्टी आहेत. आक्षेप खरा आहे, आणि जागतिक ब्रिज महासंघाने तो मान्य केला. पद्धतींची हिरवी, निळी, तांबडी आणि पिवळी अशी वर्गवारी झाली. अति असामान्य पद्धती पिवळ्या गटात गेल्या आणि मोठ्या स्पर्धांच्या निवडक टप्प्यांपुरत्या मर्यादित राहिल्या. काही बोलींना तपकिरी चिकटपट्टीची खूण लागली. मल्टी त्यातून वगळली, कारण तोवर ती जगभर रुळली होती. या वर्गवारीत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक तरतूद: खेळताना कागद पाहायला एरवी मनाई असली, तरी तपकिरी खुणेच्या बोलींविरुद्ध लेखी बचाव तयार करून टेबलावर ठेवता येतो, पाहता येतो, आणि तो कागद समोरच्या जोडीच्याच पद्धतीचा भाग मानला जातो. तू अवघड बोललास, तर मला उत्तर वाचून देण्याची मुभा. उघडपणाचा अर्थ इथे रुंदावला. माहिती देणे पुरेसे नाही, ती वापरता येईल अशा वेळी आणि अशा रूपात देणे आवश्यक ठरले. काही मर्यादा घालाव्या लागल्या हे मी नाकारत नाही. पिवळ्या गटावरची बंधने ही बंदीच्याच वाटेवरची आहेत. तरीही मूळ कल कागद टेबलावर ठेवण्याकडे राहिला.

नवशिक्यांना हे सारे दडपून टाकते, ही तक्रार मी निराळी ठेवतो. तिचे उत्तर क्लबांच्या हाती आहे. साध्या टेबलांवर साध्या पद्धती ठेवता येतात, आणि बहुतेक देशांत तसे होतेही.

आता काळी बाजू. संकेत उघडे करण्याची यंत्रणा बनत असताना जे उघडे करताच येत नाही त्याचाही शोध चालूच होता. 1965 मध्ये ब्युनॉस आयर्सच्या बर्म्युडा बाऊलमध्ये रीझ आणि बोरिस शपिरो हे पत्ते धरताना बोटांच्या संख्येने बदामची पाने कळवतात, असा आरोप अमेरिकन खेळाडूंनी केला. जागतिक महासंघाने त्यांना दोषी मानले. ब्रिटनमध्ये सर जॉन फॉस्टर यांच्या चौकशीने पुढच्या वर्षी निर्दोष ठरवले. ज्या मल्टीचा उल्लेख वर आला तिचे एक जनक हेच रीझ. एकाच माणसाच्या नावावर एक उघड संकेत आणि एक गुप्त संकेताचा आरोप असावा, यातून दोन्हींतली रेषा किती महत्त्वाची आहे ते दिसते. 1975 च्या बर्म्युडातल्या स्पर्धेत टेबलावर आडवे पडदे प्रथम लागले, म्हणजे भिडूला भिडूचा चेहरा दिसू नये. आणि त्याच स्पर्धेत इटलीच्या एका जोडीवर टेबलाखालून पायाने खुणा केल्याचा आरोप आला. मग टेबलाखालीही अडसर आला. तोंडी बोलीतला सूर भिडूपर्यंत पोचू नये म्हणून छापील बोलीपत्त्यांच्या पेट्या आल्या. कृत्रिम बोलीवर भिडूने 'ॲलर्ट' म्हणून सावध करण्याची पद्धत रुळली. पडद्यामुळे एक सुंदर व्यवस्था शक्य झाली: प्रत्येक खेळाडू आपल्या बाजूच्या प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्याही बोलीचा अर्थ कागदावर लिहून सांगतो, आणि भिडूला ते दिसत नाही. समोरच्याला सगळे कळावे, भिडूला बोलीपलीकडे काहीही कळू नये. मेंढीकोटाच्या खुणेची ही अगदी उलट रचना आहे.

या इतिहासातले सर्वांत कठोर पान भारतात लिहिले गेले. 2015 ची बर्म्युडा बाऊल चेन्नईला 26 सप्टेंबरपासून होणार होती. ऑगस्टमध्ये नॉर्वेचे बोये ब्रोगेलँड यांनी आपल्याच संघात खेळलेल्या लोटन फिशर आणि रॉन श्वार्त्झ या इस्रायली जोडीवर जाहीर आरोप केला. त्यांच्या डावांची चित्रफीत जगभरच्या खेळाडूंनी पाहिली, आणि स्वीडनच्या पेर-ओला कुलिन यांच्या लक्षात आले की लिलाव संपल्यावर पत्ते ज्यात ठेवून आणतात तो बोर्ड टेबलावर कुठे ठेवला जातो त्यावरून कोणत्या रंगाची उतारी हवी ते भिडूला कळते. इटलीत जन्मलेल्या आणि तेव्हा मोनॅकोकडून खेळणाऱ्या फँटोनी-नुनेस या जोडीबद्दल नेदरलँड्सच्या खगोलशास्त्रज्ञ माइके मेवियस यांनी दाखवले की उतारीचे पान उभे की आडवे ठेवले यावरून त्या रंगात वरचे चित्र आहे की नाही हे सूचित होते. एका जर्मन जोडीने कबुली दिली. इस्रायल, मोनॅको आणि जर्मनी यांचे संघ चेन्नईला आले नाहीत. पोलंडच्या एका जोडीचे निमंत्रण ऐनवेळी मागे घेतले गेले. त्या संघातल्या उरलेल्या चौघांनी सगळी स्पर्धा खेळून काढली आणि स्वीडनला हरवून अजिंक्यपद जिंकले. न्यायाला धरून हेही नोंदवले पाहिजे की फँटोनी-नुनेस यांच्यावरची युरोपीय बंदी 2018 मध्ये क्रीडा लवादाने पुराव्याच्या निकषावर रद्द केली.

हे पाहून कुणी म्हणेल, की मग उघडपणाचे नियम फसले. मी उलटे वाचतो. 2015 च्या या आरोपांतल्या खुणा काय सांगत होत्या? कोणत्या रंगाची उतारी हवी. इथे राजा-राणी आहे की नाही. म्हणजे तीच माहिती, जी लाइटनरचा डबल सर्वांसमोर सांगतो. विषय एकच, फरक फक्त समोरच्याला विचारता येते की नाही याचा. आणि त्या खुणा उलगडल्या त्याही उघडपणामुळेच: डावांचे चित्रीकरण सर्वांना पाहता आले, कुठल्याही देशातल्या माणसाला ते तपासता आले. मंडळांच्या बंद खोल्यांत कुजबुज वर्षानुवर्षे होती. चित्रफिती खुल्या झाल्यावर मात्र काही आठवड्यांत संघांना माघार घ्यावी लागली.

भारतीय खेळाडूंनी या उघड भाषेत काय साधले, तेही पाहावे. मुंबईचे जग्गी शिवदासानी 1987 मध्ये पाकिस्तानच्या झिया महमूद यांच्यासह अमेरिकेची स्पिंगोल्ड स्पर्धा जिंकणाऱ्या संघात होते. 2018 मध्ये जाकार्तात ब्रिज प्रथमच आशियाई खेळांत आला आणि प्रणव बर्धन व शिबनाथ सरकार यांनी जोड्यांचे सुवर्ण आणले. 2023 मध्ये हांगझोऊला पुरुष संघाने रौप्य मिळवले. शिवदासानी त्याही संघात होते. मराठवाड्यात मात्र पत्ते म्हटले की जुगार, हा शिक्का अजून गेलेला नाही. त्यावर एक जुने उत्तर आपल्याच मुलखाशी जोडलेले आहे. नांदेड 1956 पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होते, त्या राज्याच्या 1305 फसलीच्या जुगार कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबवर खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयात पोचला तेव्हा नोव्हेंबर 1967 मध्ये न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला, आणि तसे ठरवताना रमीतल्या नशिबाची तुलना ब्रिजच्या वाटपातल्या नशिबाशी केली. ब्रिज हे त्या निकालात कौशल्याचे माप होते. पैसे लावून खेळण्याचे समर्थन मी यातून काढत नाही. पैशाशिवाय खेळण्याजोगा, तासन्‌तास विचार करायला लावणारा खेळ म्हणून ब्रिजकडे पाहा, एवढेच म्हणतो.

नांदेडच्या विष्णुपुरीत विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. मेंढीकोट आणि जजमेंट येणारी मुले-मुली तिथे कमी नाहीत. त्यांना ब्रिज अवघड जाणार नाही. ज्यांना चौघे जमवता येतील त्यांनी जमवावेत. बचावासाठी सुरुवातीला दोनच संकेत घ्या: एकच्या उघडणीवर भिडूला बोलावणारा डबल, आणि एक नो ट्रम्पवर लँडीचे दोन किलवर. ते एका कागदावर मराठीत स्वच्छ लिहा आणि खेळायला बसण्याआधी त्याची एक प्रत समोरच्या जोडीच्या हातात द्या.